एकच बादली

मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "लग्नात कधी वाढलंयस का?"

मी सकाळची एसटी धरून नायगावहून नांदेडला आले होते. हातात फाईल, डोक्यात डेटाबेसची पाठ केलेली उत्तरं. आणि समोर हा माणूस. पन्नाशी उलटलेली, शर्टाच्या खिशात रंगीत मार्कर, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं स्टॉपवॉच. मला वाटलं, खेड्यातली पोरगी बघून टिंगल करायलेत. मी घुश्शातच म्हटलं, "वाढलंय की. आमच्याकडं पोरींना कुणी विचारत बसत न्हाई, सरळ हातात भांडं देतात."

"मग सांग. पंगतीला चार वाढपी हायेत. त्याचे आठ केले. पंगत निम्म्या वेळात उठंल का?"

"न्हाई."

"कामून?"

"वरणाची बादली एकच असती. सगळे तिच्यापाशीच ताटकळतात."

"आन सोळा केले तर?"

"मग पंगत उठतच न्हाई. भात तिकडं गेला का, बुंदी कुणी घेतली, असं एकमेकाला विचारण्यातच सगळे दंग."

सरांनी स्टॉपवॉच दाबून बंद केलं. माझी उत्तरंसुद्धा मोजत होता हा बाबा! "उद्यापासून ये," म्हणाले. फाईल उघडूनही बघितली नाही. बाहेर पडल्यावर मला आनंद व्हायच्या आधी रागच आला, एवढं पाठ केलेलं वाया गेलं म्हणून.

आमचं ऑफिस टायरच्या दुकानावर होतं, वरच्या मजल्यावर. लातूर-नांदेडच्या खासगी क्लासेसना ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर बनवून द्यायचं हा धंदा. सर आधी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायचे. तिथून आमच्या मालकांनी त्यांना उचलून आणलं होतं, आणि आणल्याचा पस्तावा ते रोज दुपारच्या चहाला बोलून दाखवायचे. सरांचं काम एकच. एकाच वेळी किती पोरं परीक्षेला बसली तरी आपली सिस्टीम दम धरील, ते आधी सांगायचं.

हे काम दुसरा कुणी असता तर अंदाजानं उरकलं असतं. सरांना अंदाज या शब्दाचीच चीड. आधी एका खोट्या विद्यार्थ्याला परीक्षा द्यायला लावायची, सेकंदाला किती उत्तरं डेटाबेसमध्ये जमा होतात ते मोजायचं. मग दोन, मग चार, मग आठ, असं दुप्पट करत जायचं. इरफान, माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा, तो वैतागायचा. "सर, एका पोराचं काय मोजायचं? परीक्षेला हजारो येणारेत."

"एकट्याला किती वेळ लागतो हे ज्याला ठाऊक न्हाई, त्याला गर्दीतलं काय कळणार?" सर म्हणायचे. "मोज गुमान."

आणि एकदा मोजून भागायचं नाही. इरफाननं मधेच एखादा पिक्चर डाउनलोडला लावला असेल तर सगळे आकडे रद्द, पुन्हा पहिल्या पोरापासून सुरुवात. आम्ही पार बेजार व्हायचो. मग ते आकडे सर रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेवर मार्करनं मांडायचे. आडवी रेघ पोरांची, उभी रेघ कामाची. फळा होता ऑफिसात, पण सरांना काचच लागायची. खालून टायरवाला वर बघून ओरडायचा, "सर, आज चढली का उतरली?" त्याला तो शेअर बाजार वाटायचा.

त्या ठिपक्यांमधून सर एक वाकडी रेघ काढायचे. ती गणितानं यायची. रेघ आधी सरळ चढते, मग आळसावते, मग सपाट होते, आणि पोरं अजून वाढवली तर खाली येते. सरांच्या समीकरणात दोनच आकडे महत्त्वाचे होते. पुस्तकात त्यांना ग्रीक अक्षरं आहेत. सरांनी एकाचं नाव ठेवलं होतं रांग आणि दुसऱ्याचं सल्ला. रांग म्हणजे सगळ्यांना एकाच बादलीपाशी थांबावं लागणं. सल्ला म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाला विचारत बसणं. "रांगेनं काम अडतं," सर सांगायचे, "पर सल्ल्यानं उलटं फिरतं. रांग परवडली एक वेळ." कुठलीही सिस्टीम अडली की त्यांचं एकच पालुपद, "बादली शोध, पोरी. कुठं तरी एकच बादली हाय."

हे खूळ ऑफिसपुरतं असतं तर ठीक. हा माणूस कंधारच्या स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभा राहून गिऱ्हाइकं आणि गिलास मोजायचा. बँकेत गेला तर मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून म्हणायचा, साहेब, दोन खिडक्या बंद करा, शिक्क्याचं मशीन एकच हाय, उगं चार माणसं कशाला अडकवलाव? तिथल्या शिपायानं सरांना दंड धरून बाहेर आणलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. बाहेर येऊन शर्ट नीट करत मला म्हणाले, "मानंल उद्या. गणित थोडंच बदलणारे?" मॅनेजरनं काही मानलं नाही.

सगळ्यात मोठा तमाशा त्यांच्या भाचीच्या लग्नात झाला. आम्हीही गेलो होतो. चाकूरजवळ मंडप, माणसांचा पूर आणि वाढायला भावकीतली झाडून सगळी पोरं. आमच्या भागात वाढायला जितकी माणसं, तितका मान. सर मंडपाच्या टोकाला स्टॉपवॉच धरून उभे. पहिली पंगत उठली, दुसरी उठली, आणि तिसरीच्या आधी त्यांनी निम्म्या वाढप्यांच्या हातातली भांडी काढून घेतली आणि त्यांना पाटावर बसवलं. "तुम्ही जेवा. तुम्ही वाढायलाव म्हणून उशीर व्हायलाय."

तिसरी पंगत खरंच लवकर उठली, हे मी शपथेवर सांगते. पण वरपक्षाकडची म्हातारी माणसं बिथरली. आम्हाला वाढायला माणसं नाहीत का, हा काय पाहुणचार म्हणायचा? सरांची बहीण सगळ्यांसमोर रडली. "दादा, तुझं गणित तुझ्या घरी ठेव," म्हणाली. सर गोरेमोरे झाले. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसले होते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. घरचं कार्य आहे, चार वाढपी जास्त राहिले असते तर काय बिघडलं असतं? मी तसं बोललेही. सर म्हणाले, "उपाशी बसलेल्यांचं कोण बघणार मग?" बहीण त्यांच्याशी पुढं किती तरी महिने बोलली नाही.

त्यांची मुलगी शीतल चाकूरला आईजवळ राहायची. सर शनिवारी गाडी धरून घरी जायचे, सोमवारी उजाडता परत. पोरगी दहावीला होती आणि सरांच्या बोलण्यात गणितानंतर तिचाच नंबर. "माझ्यापेक्षा डोकं हाय तिला," म्हणायचे, "फक्त दम न्हाई. वाट बघायचं म्हटलं की रडकुंडीला येती."

त्या वर्षी लातूरच्या एका मोठ्या क्लासनं गुणवत्ता परीक्षा जाहीर केली. जी पोरं वर येतील त्यांना दोन वर्षं शिकवणी, होस्टेल, जेवण सगळं फुकट. आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं आपापल्या शाळेच्या संगणकखोलीतून नाहीतर मोबाइलवरून एकाच वेळी देणार. परीक्षेचं काम आमच्याकडं आलं. शीतलनं फॉर्म भरला होता. सरांच्या पगारात लातूरचं होस्टेल बसणारं नव्हतं, ही परीक्षा निघाली तरच ती पुढं तिथं शिकणार होती. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. सर त्यावर अवाक्षर बोलत नव्हते, फक्त मोजणी दुप्पट करायला लावत होते.

आणि काचेवरची रेघ वाकली. जितकी पोरं येणार होती त्याच्या निम्म्यावर पोचायच्या आधीच ती सपाट झाली आणि खाली घसरली.

मालकांनी काचेकडं बघितलं. "मग मोठा सर्व्हर घेऊ. त्यात काय?"

"मालक, स्वयंपाकघर मोठं बांधलं आन बादली एकच ठेवली, तर पंगत उठंल का?"

"सर, पंगत सोडा, लातूरला काय सांगू ते सांगा."

बादली सापडायला वेळ लागला नाही. क्लासच्या संचालकांची हौस होती. लातूरच्या त्यांच्या हॉलमध्ये परीक्षेच्या दिवशी मोठा पडदा लावायचा, प्रमुख पाहुणे बसवायचे आणि पडद्यावर भला मोठा आकडा पळताना दाखवायचा: आत्तापर्यंत दिलेली उत्तरं. त्या आकड्यासाठी डेटाबेसमध्ये एक ओळ होती. प्रत्येक पोराचं प्रत्येक उत्तर जमा करताना सिस्टीम त्या एका ओळीपाशी जायची, तिला कुलूप घालायची, आकडा एकनं वाढवायची, कुलूप काढायची. तोवर बाकीची सगळी पोरं मागं खोळंबलेली.

"हे काढून टाका," सर म्हणाले.

"काढून टाका कसं? संचालकांनी पाहुण्यांना सांगून ठेवलंय." मालकांचा चेहरा लाल. "बंद ठेवू. बटण राहू द्या."

"बटण हाय तर कुणी तरी दाबणार."

"मी शब्द देतो ना, कुणी न्हाई दाबणार!"

सर आणखी एका गोष्टीवर अडून बसले. परीक्षेची वेळ पोरानं प्रश्नपत्रिका उघडल्यापासून मोजायची, घड्याळात अकरा वाजल्यापासून नाही. म्हणजे कुणाला दारात थांबावं लागलं तरी त्याची मिनिटं जाणार नाहीत. मालक कुरकुरले, पण हे मान्य केलं. आकडा बंद करून पुन्हा मोजलं तेव्हा रेघ पुष्कळ वर चढली, आणि सगळी पोरं एकदम न सोडता टप्प्याटप्प्यानं सोडली तर निभावेल असं सर म्हणाले. त्यासाठी मी दारावरचं एक पान बनवलं. आत जागा नसली की पोराला ते दिसायचं: थोडं थांबा, तुमचा नंबर येतोय. बटण मात्र मालकांच्या शब्दावर राहिलं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी सर अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. चहाला हात लावला नाही. अकराला पहिली पोरं आत गेली आणि माझ्या स्क्रीनवर काम चढायला लागलं, अगदी काचेवरच्या रेघेसारखं. इरफाननं टेबलाखाली माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे खूश. मग एकाएकी काम आडवं झालं. आणि खाली आलं. फोन वाजायला लागले, एक उचलावा तर दोन वाजायचे. उदगीरहून एक मास्तर ओरडत होते की पोरांची उत्तरं जमाच होईनात. देगलूरहून कुणाची तरी आई रडत होती.

"आकडा चालू झाला का?" सरांनी मालकांना विचारलं.

मालकांनी लातूरला स्वतःच्या मेव्हण्याला फोन लावला, तो तिथं हॉलमध्ये आमच्यातर्फे बसला होता. "बंद हाय म्हणतोय. आईची शपथ घेतोय."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मालक म्हणत होते कनेक्शन वाढव, म्हणजे डेटाबेसपाशी एका वेळी जास्त कामं सोड. हिशेब बघणारे काका म्हणत होते सगळं बंद करून चालू कर. शेजारच्या ऑफिसातले दोघं-तिघं उगीच मदतीला आले होते. कुणी माझ्या खुर्चीमागं वाकून बोट दाखवतंय, कुणी इरफानच्या कानाशी फोन धरतोय. मला समोरची अक्षरं दिसत होती पण लागत नव्हती. मी एक आज्ञा अर्धी लिहायची आणि कुणी तरी विचारायचं, काय करायलीस?

सर टेबलावर हात आपटून उठले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाहेर! सगळे बाहेर! सल्ला व्हायलाय इथं!"

"सर, माझं ऑफिस हे," मालक म्हणाले.

"मालक, पाया पडतो, बाहेर चला. ही पोरगी आन इरफान, दोघंच आत. फोनपण बाहेर." खरंच वाकले हो ते. मालक गडबडून मागं सरले आणि त्यांच्यामागं सगळी वरात बाहेर गेली. दार लावायच्या आधी सर मला म्हणाले, "कनेक्शन वाढवू नको, कमी कर. निम्मे कर. आन बादली शोध."

"सर, तुम्ही थांबा ना," मी म्हटलं.

"मी असलो तर मी बी विचारतच बसंन," म्हणाले, आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

शांतता झाली. पंख्याचा आवाज तेवढा. मी कनेक्शन निम्मी केली. इरफान पुटपुटला, "अल्ला, हे उलटं काय करायलोत आपण?" पण काम वर आलं, थोडंच, पण आलं. मग मी एकेक अडकलेलं काम उघडून बघितलं की ते कशासाठी थांबलंय. पहिलं त्या ओळीसाठी. दुसरं त्याच ओळीसाठी. सगळी त्याच एका ओळीसाठी, आकड्याच्या. कुणी तरी बटण दाबलं होतं. मागून कळलं, पाहुणे कोऱ्या पडद्यासमोर बसलेत हे मेव्हण्याला बघवेना, म्हणून त्यानं "थोडा वेळच" चालू केलं आणि मग भीतीपोटी खोटी शपथ घेतली. त्या क्षणी मला ते काही ठाऊक नव्हतं. मी सरळ कोडचा तो तुकडाच काढून फेकला, बटणासकट.

काम सरसर वर गेलं. इरफान रडत होता की हसत होता, कळत नव्हतं. त्याला म्हटलं, दारावरची पोरं हळूहळू आत घे, सरांनी आधी सांगून ठेवलंय तसं. आणि मी दार उघडलं.

बाकीचे खाली टायरच्या दुकानात जाऊन उभे होते. सर एकटेच जिन्याच्या पायरीवर बसले होते. त्यांचा फोन बाजूला पायरीवर ठेवलेला, आणि तो थरथरत होता. थांबायचा आणि पुन्हा थरथरायचा. स्क्रीनवर शीतल.

"सर, सापडली. बादलीच होती. चाललंय आता."

त्यांनी डोळे मिटून मान हलवली. मग फोनकडं न बघता म्हणाले, "तू उचल."

मी उचलला. पलीकडं पोरगी हुंदके देत होती. "पप्पा, उचला की! सगळी पोरं आत गेली, मी एकटीच बाहेर हाय. नुसतं थांबा म्हणायलंय. माझं वर्ष चाललं पप्पा."

मी फोनवर हात ठेवला. "सर, तिचा परीक्षेचा नंबर सांगा. एका ओळीचं काम आहे. आत्ता आत घेते."

मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं. आणि खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग येत होता. एका पोरीनं काय रेघ वाकणार होती? खालून मालकसुद्धा ओरडले, "अहो, घ्या की तिला आत, कोण बघायलंय?"

"तिच्यापुढं किती हायेत?" सरांनी विचारलं.

"असतील पुष्कळ."

"त्यांचे बाप न्हाईत इथं." त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि साध्या आवाजात बोलले, "शीतू, पाणी पी. पेपर उघडल्यावरच वेळ सुरू होणारे, एक मिनिट जाणार न्हाई तुझं. नंबर येईल. थांब बाळा." आणि फोन ठेवला. मग तळहातानं तोंड पुसलं.

मी आत जाऊन बसले. माझ्यासमोर दारावरच्या पोरांची ओळ सरकत होती आणि त्यात तिचं नाव होतं, मी शोधून काढलं होतं. माझं बोट कीबोर्डवर होतं. उघड्या दारातून सरांची पाठ दिसत होती. मी बोट उचलून घेतलं. ओळ सरकत सरकत तिच्यापर्यंत आली आणि ती आत गेली. मी ओरडले, "सर, गेली आत!" पाठ तशीच राहिली. मग खाली वाकली, आणि दोन्ही खांदे हलताना दिसले.

शीतल निवडली गेली, लातूरला शिकली. पण बापाशी ती पुढं बरेच दिवस धड बोलली नाही. तिला वाटायचं, पप्पांनी मुद्दाम किती तरी वेळ फोन उचलला नाही. मीच तिला एकदा सांगितलं की त्या दिवशी तो माणूस जिन्यावर कसा बसला होता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती वेळ थांबले होते हो मी? मला तर तास वाटला."

मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, हे ठाऊक असणारा एकच माणूस जगात आहे. तिच्याशी बोलल्याच्या दुसऱ्या दिवशी सर काच पुसत होते, नवीन रेघेसाठी. मी सहज विचारलं, "सर, शीतल दारात किती वेळ थांबली होती?"

ओलं फडकं हातात तसंच धरून ते उभे राहिले. स्टॉपवॉच गळ्यात होतं, परीक्षेच्या दिवशीही होतं.

"मोजलं न्हाई," सर म्हणाले.